रात्रीच्या नाकाबंदीत डिकी उघडायची की नाही?

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही, आणि पत्र मोठं आहे म्हणून मुख्य तेवढंच देते.

"वकीलबाई, माझा झील २२ वर्षांचा, बारदेशात किनाऱ्याकडे एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. शिफ्ट सुटते साडेबाराला, स्कूटरने घरी पोचेपर्यंत दीड वाजतो. आठवड्यातून एकदा तरी नाकाबंदीला अडवतात. लायसन बघतात ते ठीक, पण गेल्या महिन्यात एका पोलिसाने सरळ चावीच काढून घेतली, डिकी उघडली, डब्यात बहिणीसाठी आणलेली शागुती होती ती चमच्याने ढवळून बघितली, खिसे उलटे करायला लावले आणि मोबाईलचं लॉक काढून व्हॉट्सअ‍ॅप दाखव म्हणाला. काही मिळालं नाही तेव्हा जा म्हणाला. घरी आला तो न जेवता झोपला. आता म्हणतो पुढच्या वेळी डिकी उघडणारच नाही, काय करायचं ते करू दे. ह्यांचं म्हणणं, पोलिसांशी वाद नको, सांगतील ते गप्प दाखवायचं. स्कूटर त्याच्या काकाच्या नावावर आहे. कधी कधी बहीण मागे बसलेली असते, तिची पर्स पण बघू शकतात का? आमच्यात कोणाचं बरोबर?"

ताई, मला सगळ्यात लागलं ते 'न जेवता झोपला' हे. आठ-दहा तास आचेपुढे उभं राहून घरी येणाऱ्या पोराला भर रस्त्यात खिसे उलटे करायला लावले तर ते मनात बसतं, आणि मग पुढच्या वेळी लाइट मारून थांब म्हटलं की डोकं आधीच तापलेलं असतं. मला त्याच रात्रीची भीती जास्त वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, त्यालाही वाचायला द्या आणि मिस्टरांनाही.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. गाडी थांबवून कागद बघणं ही एक गोष्ट, गाडी उघडून आत हात घालणं ही दुसरी. पहिल्याचा अधिकार पोलिसांना भरपूर आहे आणि तिथे तुमच्या मुलाने वाद घालायचा नाही. दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे कारण असावं लागतं, आणि ते कारण विचारायला तुमच्या मुलाने घाबरायचं नाही. नाकाबंदीला या दोन्ही गोष्टी एका दमात होतात, लायसन दाखव डिकी उघड, त्यामुळे माणसाला वाटतं एकच अधिकार आहे.

आधी थांबवण्याचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं कलम १३० म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने युनिफॉर्ममधल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं की लायसन दाखवायचं. कोणत्याही म्हणजे कोणत्याही, इन्स्पेक्टरच हवा असं काही नाही, आणि तुम्ही आधी काही चूक केलेली असायला हवी असंही नाही. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हे दाखवायचं केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३९ नंबरच्या नियमात आहे. थांबायला सांगूनही पुढे पळाला किंवा कायदेशीर सूचना मानली नाही तर कलम १७९ खाली २००० रुपयांपर्यंत दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे पळणाऱ्याबद्दल पोलिसांना खरंच संशय येतो, तोपर्यंत नव्हता तोही. त्यामुळे 'मी काही केलं नाही तर मला थांबवलंच का' हे रात्री दीड वाजता रस्त्यावर भांडायचं वाक्य नाही. गाडी बाजूला घ्यायची, स्टँडवर लावायची, इंजिन बंद, हेल्मेट काढायचं, लायसन पुढे करायचं.

युनिफॉर्म हा शब्द मात्र लक्षात ठेवा. साध्या कपड्यातल्या माणसाला कलम १३० खाली लायसन मागता येत नाही. ड्रग्जच्या तपासात साध्या कपड्यातले पोलीस असू शकतात, तिथे कायदा युनिफॉर्म मागत नाही, पण तेव्हा ओळखपत्र दाखवा म्हणायचा हक्क आपल्याला आहे आणि रात्री निर्जन रस्त्यावर तर ते विचारायलाच हवं. अंधारात कोणी साध्या कपड्यात हात करतंय आणि खात्री वाटत नाही, तर उजेडात, पंपापाशी किंवा उघड्या दुकानापाशी थांबायचं आणि ११२ लावायचा.

काकाच्या नावावरची स्कूटर चालवणं हा गुन्हा नाही, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालू हवं एवढंच. पण आपल्या गोव्यात पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाड्या चोरून भाड्याने देण्याचा धंदा चालतो, भाड्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळे आकडे लागतात, म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर आणि चालवणारा किनाऱ्याकडून येणारा पोरगा असं दिसलं की चौकशी होते. 'माझ्या काकाची आहे, हा त्यांचा नंबर' एवढं उत्तर पुरे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन-आरसी कायद्याने चालतं, गॅलरीतला फोटो चालत नाही. तरी मी सांगेन की लायसनचं कार्ड खिशात ठेवायला लावा. कार्ड असलं की मोबाईल बाहेर काढायचाच प्रसंग येत नाही. आणि मोबाईलवर दाखवायची वेळ आलीच तर आपल्याच हातात धरून दाखवायचं, फोन त्यांच्या हातात द्यायचा नाही.

दारूच्या तपासणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण किचनमधली पोरं शिफ्ट सुटल्यावर एखादी बिअर घेतात म्हणून सांगते. प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर युनिफॉर्ममधला पोलीस श्वासाची चाचणी मागू शकतो, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. फुंकायला नकार देणं ही हुशारी नाही, संशय असेल तर त्यावरून वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि नकार कोर्टात आपल्या विरुद्ध जातो. अटक केलीच तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाही तर सोडावं लागतं. यातून सुटायचा रस्ता एकच, एक बिअरसुद्धा पिऊन हँडल धरायचं नाही.

आता डिकी.

मोटार वाहन कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की नाकाबंदीला येईल त्या गाडीची डिकी उघडून बघा. झडतीचा अधिकार दुसऱ्या कायद्यांतून येतो आणि तिथे प्रत्येक ठिकाणी कारणाची अट आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम १८५ वॉरंटशिवायच्या झडतीबद्दल आहे. कुठल्या तरी गुन्ह्याचा तपास चालू हवा, पोलीस स्टेशनचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी हवा, या ठिकाणी तपासाला लागणारी वस्तू आहे असं मानायला त्याच्याकडे सबळ कारण हवं, ते कारण त्याने आधी लिहून ठेवायला हवं, आणि झडतीचं मोबाईलवर किंवा कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग व्हायला हवं. लिहिलेल्याची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. कायद्यात जागा म्हटलं की त्यात गाडीही येते, म्हणून हे सगळं डिकीलाही लागू.

दुसरा रस्ता ड्रग्जचा, एनडीपीएस कायदा १९८५. किनारी भागात हाच जास्त वापरला जातो आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही आहे, हे विष किती घरांत शिरलंय ते म्हापशाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मी बघते. त्याच्या कलम ४९ प्रमाणे गाडीतून अंमली पदार्थ नेले जातायत असा संशय घ्यायला कारण असेल तर अधिकारी गाडी थांबवून सगळी उलटसुलट तपासू शकतो. पण कलम ४२ ज्याला अधिकार देतं असा अधिकारी हवा आणि त्या कलमात स्पष्ट आहे की तो शिपाई-कॉन्स्टेबलच्या वरच्या हुद्द्याचा असावा. टीप मिळाली असेल तर ती लिहून घेतलेली हवी, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत वॉरंटशिवाय झडती घेतली तर वॉरंट का आणता आलं नाही त्याचं कारणही लिहायला हवं, आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे. २०२१ मध्ये बूटा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्यावर उभी असलेली खाजगी गाडी ही 'सार्वजनिक वाहन' धरता येत नाही, तिला कलम ४२ च्या अटी लागतात. त्यातले आरोपी सुटले ते याच एका कारणाने.

याशिवाय अबकारी, कस्टम, मोलेच्या जंगलातून जाताना वन खातं, निवडणुकीत आचारसंहितेची पथकं, या प्रत्येकाचे आपापले अधिकार आहेत. पत्रादेवीच्या पलीकडे गेलात की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, तिथे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावतात ती त्या कायद्याखाली. त्यामुळे सावंतवाडीच्या पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी हुर्राकाची बाटली पिशवीत घालून पोराला पाठवू नका, आपल्याकडे उघड्यावर मिळते ती तिकडे परमिटशिवाय गुन्हा होते.

कारण सांगून केलेली झडती कशी असते ते मी स्वतः बघितलंय. बरीच वर्षं झाली, बाबा होते तेव्हाची गोष्ट. साखळीहून येत होतो, बाबांची जुनी लाल मारुती, रात्रीचे नऊ. एका हवालदाराने थांबवलं, लायसन बघितलं आणि डिकी उघडा म्हणाले. मी नवीन सनद घेतलेली, लगेच विचारलं कशासाठी. ते म्हणाले, बाई, संध्याकाळी वरच्या वाड्यावर दोन बागायतीतले पंप गेलेत, लाल गाडीतून नेले असं एकाने बघितलंय, म्हणून लाल गाड्या बघतोय. झालं, माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. बाबांनी डिकी उघडली, आत नारळांचं पोतं आणि स्टेपनी. हवालदारांनी बॅटरी मारली, पोतं वरून चाचपलं आणि जाताना सुंभाची गाठ पुन्हा होती तशी बांधून दिली. सगळं मिळून दोन मिनिटं. कोणाचा अपमान झाला नाही, आणि बाबा घरी जाऊन जेवले. तुमच्या मुलाला त्या रात्री कोणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर हे पत्र आलंच नसतं.

त्या रात्रीचं एकेक घेते. चावी काढून घेणं: मोटार वाहन कायद्यात चावी काढून घेण्याचा अधिकार कुठेच दिलेला नाही. लायसन किंवा रजिस्ट्रेशन नसेल तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, पण ती रीतसर, कागद करून, आणि तुमच्या मुलाकडे तर सगळे कागद होते. खिसे: अंगझडती ही अटक झाल्यावर होते, किंवा झडती चाललेल्या जागी कोणी वस्तू अंगावर लपवलीय असा वाजवी संशय असेल तेव्हा, किंवा एनडीपीएसखाली. आणि एनडीपीएसखाली असेल तर कलम ५० प्रमाणे आधी सांगावं लागतं की तुला हवं तर जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेऊ, तुझा तो हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात हे अगदी ठासून सांगितलंय, नुसतं 'घेऊ का झडती' विचारून भागत नाही, हक्क आहे हे सांगावं लागतं. एक फरक लक्षात ठेवा, हे कलम अंगझडतीला आहे, डिकीला किंवा हातातल्या पिशवीला नाही, तसं कोर्टाने २००५ मध्येच सांगितलंय.

मोबाईल: ही मला सगळ्यात चुकीची गोष्ट वाटते. फोनमधली माहिती तपासाला हवी असेल तर पोलीस स्टेशनच्या प्रमुखाने लेखी आदेश काढून मागायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. रस्त्यात उभं करून लॉक काढ आणि चॅट दाखव म्हणणं त्यात बसत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय, आणि २२ वर्षांच्या पोराच्या फोनमध्ये त्याचं सगळं आयुष्य असतं, बहिणीचे फोटो असतात, पगाराचे मेसेज असतात, अजून कोणाचं काय असेल ते असेल. तिथे त्याने नाही म्हणायचं, शांतपणे पण नक्की. 'साहेब, लेखी नोटीस द्या, मी फोन घेऊन पोलीस स्टेशनला हजर होतो.'

मग पुढच्या वेळी करायचं काय. मुलगा म्हणतो उघडणारच नाही, तर त्याला सांगा की अंगाने अडवायचं नाही. डिकीवर हात ठेवून उभं राहणं, पोलिसाचा हात बाजूला करणं, चावीसाठी खेचाखेची, यातलं काहीही केलं की प्रकरण उलटतं. सरकारी कामात अडथळा, भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. हात लागला तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. मग झडती बरोबर होती की चूक ते राहतं बाजूला आणि पोरगा आरोपी होऊन माझ्यासारखीच्या ऑफिसात बसतो. अशी पोरं मी बघितलीत, तोंडाने बरोबर होती आणि हाताने चुकली.

आणि मिस्टर म्हणतात तसं गप्पही राहायचं नाही. त्याने बोलायचं ते असं, आवाज न चढवता, साहेब म्हणून: 'साहेब, लायसन-आरसी बघा. डिकी कशासाठी बघायचीय तेवढं सांगा.' बहुतेक वेळा इथेच काहीतरी उत्तर येतं, चोरी झालीय, टीप आहे, वरून आदेश आहे. पटण्यासारखं असेल तर स्वतःच्या हाताने डिकी उघडून द्यायची. काहीच कारण न सांगता उघड म्हटलं तर दुसरं वाक्य: 'साहेब, मी अडवत नाही, पण माझी मर्जी नाही. बघायचंच असेल तर रेकॉर्डिंग करून बघा, मी पण करतो.' एवढं बोलून बाजूला उभं राहायचं, नजर डिकीवर. हे वाक्य घरी आरशासमोर चार वेळा म्हणून घ्यायला सांगा, खरंच सांगते, रात्री लाइट तोंडावर आला की मोठमोठ्यांना शब्द सुचत नाहीत.

रेकॉर्डिंगबद्दल लोक घाबरतात. सार्वजनिक रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये असा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस स्टेशनच्या आत केलेल्या रेकॉर्डिंगबद्दलही सांगितलं की ते ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी फोन साहेबांच्या नाकाला लावायचा नाही, छातीजवळ धरायचा, आणि मी रेकॉर्ड करतोय हे तोंडाने सांगायचं. बंद कर म्हणून फारच आरडाओरडा झाला तर बंद करायचा, तोपर्यंतचं पुरतं. एकटाच असेल तर तिथूनच घरी फोन लावून चालू ठेवायचा, पलीकडे तुम्ही ऐकत राहा.

'काहीतरी टाकतील' ही भीती तुम्ही लिहिली नाही पण प्रत्येक आईच्या मनात असते. म्हणून तर डिकी स्वतः उघडायची आणि नजर हलवायची नाही. खरंच ड्रग्जची रेड असेल तर दोन स्वतंत्र पंच लागतात, जप्त केलेल्या वस्तूंची यादी लागते, त्यावर पंचांच्या सह्या लागतात. पंचनाम्यांत एक वाक्य नेहमी असतं, पोलिसांनी आणि पंचांनी आधी स्वतःची झडती देऊ केली. ते नुसतं कागदावर राहू नये म्हणून अशा वेळी 'आधी तुमची झडती दाखवा' म्हणता येतं. न वाचता सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

आणि एक गोष्ट त्याला स्वतः सांगा, मी सांगितलेली म्हणून सांगा. किचनमधला किंवा बारमधला कोणी म्हणाला की तुझ्या वाटेवरच आहे, हे पाकीट अमक्याला दे, तर घ्यायचं नाही. मित्र असला तरी नाही. एनडीपीएसमध्ये डिकीत सापडलं की तुला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं, माहीत नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. आणि झडती बेकायदेशीर होती म्हणून सापडलेलं आपोआप रद्द होत नाही, पूरन मल प्रकरणापासून, म्हणजे १९७३ पासून, आपल्याकडे कोर्टं तसा पुरावाही बघतात. कलम ४२ आणि ५० पाळलं नसेल तर एनडीपीएसची केस पडू शकते, पण ती पडेपर्यंत पोराची उमेदीची वर्षं जातात. यूट्यूबवर जे सांगतात ना, वॉरंट नाही तर काही करू शकत नाहीत, ते ऐकून त्याने धीट होऊ नये.

बहिणीचं सोपं आहे. बाईची अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची, सभ्यता पाळून, याला कुठल्याही कायद्यात अपवाद नाही. मी पर्सलाही तेच धरते, कारण पर्स अंगालाच असते. महिला पोलीस नसेल तर तिने म्हणायचं, लेडी पोलीस बोलवा, मी थांबते. रात्री थांबायची भीती वाटली तर तिने लगेच ११२ लावायचा, तो कॉल नोंदला जातो.

पोलीस स्टेशनला चल म्हटलं तर विचारायचं, अटक आहे का आणि कशासाठी. अटक असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे. अटक नसेल तर नोटीस द्या म्हणायचं. आणि दंड केलाच तर ई-चलनाची पावती घ्यायची, पावती नाही तर पैसे नाहीत. चलन चुकीचं वाटलं तर रस्त्यावर हुज्जत नको, ते कोर्टात लढता येतं.

राहिली गेल्या महिन्याची रात्र. मला वाटतं तक्रार करावी, सूड म्हणून नाही, त्याच रस्त्याने तो उद्याही येणार आहे म्हणून. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, नेमप्लेटवरचं नाव आठवत असेल तर ते, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. तो अर्ज उत्तर गोव्याच्या पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर नाही आलं तर पणजीत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर अशी प्राधिकरणं झाली, मानवी हक्क आयोगही आहे. तिथे वकील लागतोच असं नाही, साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. अर्जात पोलिसांबद्दल विशेषणं लिहू नका, घडलं तेवढंच लिहा. शागुतीचंपण लिहा, चमच्याने ढवळली हे, कारण वाचणाऱ्याला त्यातून कळतं की झडती कशी घेतली.

आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही फार दिवस राहत नाहीत, एक महिना झालाय, कदाचित गेलंही असेल. तरी त्या जागेसमोर एखादं दुकान, पंप असेल तर उद्याच मिस्टरांना पाठवून विचारून बघा. आणि अर्ज लिहून झाला की देण्याआधी मला पाठवा, मी वाचून देते.